न दिसणाऱ्या अस्वलाचा माग



वसंत व्याख्यानमालेत बोलावयास आलेल्या माणसाने अस्वलाचा विषय निवडावा, आणि तोही जासईसारख्या खाडीकाठच्या गावात, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. एका अंगाला खाजणे आणि तिवरे, दुसऱ्या अंगाला बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्यांची रांग. यात अस्वल कुठून आले? इथे अस्वल नाही, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. जवळच्या कर्नाळ्याचे रान प्रसिद्ध आहे तेही पक्ष्यांसाठी. परंतु आजचा आमचा खरा प्रश्न वेगळा आहे. जे डोळ्यांना दिसत नाही, ते आहे की नाही, हे कसे ठरवावयाचे? आणि ते नीट ठरविले नाही, तर कोणाचे काय बिघडते? हा प्रश्न जासईला परका नाही, असे आमचे मत आहे. ते का, हे शेवटी सांगू. आधी रानात जाऊ.

रानात जाण्यापूर्वी एक जुनी कथा आठवावयाची आहे. भाद्रपदातील चतुर्थीला चंद्र पाहिला तर चोरीचा आळ येतो, आणि तो टळावा म्हणून स्यमंतक मण्याची कथा ऐकतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ही कथा भागवताच्या दशम स्कंधात आहे. सत्राजिताचा भाऊ प्रसेन गळ्यात मणी घालून शिकारीला गेला तो परतलाच नाही. लोक कुजबुजू लागले, कृष्णानेच त्याला मारून मणी घेतला असावा. आता कृष्णाने काय केले? त्याने शपथ घेतली नाही, रागावला नाही. चार नागरिक बरोबर घेतले आणि प्रसेनाच्या मागावर निघाला. प्रथम प्रसेन आणि त्याचा घोडा मेलेले आढळले, सिंहाने मारलेले. पुढे डोंगराच्या अंगावर तो सिंह मरून पडलेला आढळला. त्याला अस्वलाने मारलेले. तिथून गुहा. लोकांना दाराशी बसवून कृष्ण आत गेला, आणि जांबवानाशी त्याचे अठ्ठावीस दिवस युद्ध झाले. बारा दिवस वाट पाहून मंडळी घरी परतली, असेही भागवतकार सांगतात.

या कथेतील भक्तीचा भाग ज्याचा त्याने घ्यावा. आम्हांला तिच्यात एक शोधाची पद्धत दिसते. संशय होता, तो खुणांनी फेडला. खुणा एकट्याने पाहिल्या नाहीत, साक्षीदार बरोबर नेले. आणि एका खुणेवरून शेवटच्या निष्कर्षावर उडी न घेता माणूस, घोडा, सिंह, अस्वल अशी पायरीपायरीने वाट काढली. आज सह्याद्रीच्या रानात अस्वल शोधणारे लोक याहून निराळे काही करीत नाहीत.

आता ज्याला शोधावयाचे त्याची ओळख करून घेऊ. आपल्या देशात अस्वलाच्या चार जाती आहेत; त्यांपैकी महाराष्ट्रात एकच आढळते. अंगावर काळे, लांब, विस्कटलेले केस, छातीवर इंग्रजी व्ही किंवा यू अक्षरासारखा पांढुरका पट्टा, तोंड फिक्या रंगाचे आणि पुढच्या पायांना बोटभर लांब, किंचित वाकडी नखे. मोठ्या नराचे वजन ८० ते १४० किलो भरते. मादी त्याहून हलकी. हे अस्वल थंड देशांतल्या काही अस्वलांप्रमाणे हिवाळाभर झोपत नाही. बाराही महिने ते पोटामागे हिंडत असते.

याच्या नावाचीही एक गंमत आहे. इंग्लंडातील जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ साली याचे वर्णन केले, ते अस्वल म्हणून नव्हे. दक्षिण अमेरिकेत झाडाला उलटा लोंबणारा स्लॉथ नावाचा एक सुस्त प्राणी आहे; लांब नखे आणि पुढचे दात नाहीत, एवढे पाहून शॉने आपल्या अस्वलाला त्याच कुळात बसविले. चूक लवकरच दुरुस्त झाली. पण इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' हे नाव अजून चिकटलेलेच आहे. नमुना पुढ्यात असतानाही जाणत्या माणसाची अशी फसगत होते, तर नुसत्या नखाच्या ओरखड्यावरून निर्णय देणाऱ्याने किती सावध असावयास पाहिजे!

ते दात नसण्याला कारण आहे. याच्या वरच्या जबड्यात मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते. वारूळ नखांनी फोडावयाचे, तोंड आत खुपसावयाचे, फुंकर मारून माती उडवावयाची आणि मग ओठांचा चंबू करून जोराने शोषावयाचे. या कामात नाकात माती जाऊ नये म्हणून ते नाकपुड्या मिटून घेऊ शकते. त्या फुंकण्याचा आणि शोषण्याचा आवाज शांत रानात बऱ्याच अंतरावर ऐकू येतो. वाळवी, मुंग्या, मध आणि ऋतूप्रमाणे मिळणारी फळे यांवर हा एवढा मोठा देह पोसला जातो. अस्वलाच्या बहुतेक खुणा त्याच्या या खाण्यातूनच निर्माण होतात, हे लक्षात ठेवावे.

आपल्या राज्यात ते आहे कुठे? मेळघाट, ताडोबा, बुलढाण्याजवळचे ज्ञानगंगा अभयारण्य आणि चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाची जंगले येथे ते आहे, आणि तिथल्या लोकांना त्याची चांगली ओळख आहे. पुराणांनी सात कुलपर्वतांपैकी एकाला 'ऋक्षवान', म्हणजे अस्वलांचा डोंगर, असे नाव दिले. विद्वान तो सातपुडा-विंध्याच्या पट्ट्यातच दाखवितात. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशेजारी मचाणावर बसण्याचा कार्यक्रम तिथल्या अभयारण्यांत होतो. उन्हाने पाणी आटलेले असते. चांदण्यात अस्वल पाण्यावर येते आणि बसलेल्यांना ते पाहावयास मिळते.

सह्याद्रीत गोष्ट वेगळी आहे. कोयना, चांदोली, राधानगरी, आणि खाली तिलारीपर्यंतच्या घाटमाथ्यावर अस्वल आहे, पण विरळ. तिथे पाणी जागोजाग मिळते, म्हणून एका पाणवठ्यावर बसून भागत नाही. कारवीच्या गचपणात दहा पावलांवरचे दिसत नाही. प्राणी काळा, हिंडणार बहुधा रात्री, राहणार कड्याच्या कपारीत. पावसाळ्याचे चार महिने तर सगळ्या खुणा धुऊन जातात. वर्षानुवर्षे त्या रानात राहणाऱ्या माणसालाही अस्वल दिसले नाही, असे होऊ शकते. म्हणून तिथे अस्वल पाहावयास जाण्यापेक्षा त्याने मागे ठेवलेले वाचावयास जावे लागते. त्याला हंगाम हाच, वसंताचा आणि ग्रीष्माचा. वाटेवर धूळ असते, पाला गळलेला असतो, करवंदे-जांभळे पिकू लागतात.

खुणा मुख्यतः चार. आणि प्रत्येक खुणेला एकेक तोतया आहे. तोतया ओळखता येत नाही त्याला अस्वलाची खूणही ओळखता येत नाही, म्हणून दोन्ही जोडीनेच सांगतो.

पहिली खूण वारूळ. अस्वलाने फोडलेल्या वारुळात खोल, रुंद खड्डा असतो. आतल्या भिंतीवर नखांच्या समांतर चऱ्या उमटलेल्या असतात, आणि मातीची ढेकळे मागच्या बाजूला फेकलेली असतात. आता तोतये पाहा. खवले मांजरही वाळवीवरच जगते. पण त्याचे भोक अरुंद, अंगापुरते. रानडुक्कर मऊ जमीन मुसकटाने लांबवर उलथीत जाते. कठीण वारुळाच्या वाटेला ते सहसा जात नाही. साळिंदर उकरते ते कंदांसाठी. माणसानेही वारूळ फोडलेले असू शकते. कुदळीचा घाव सपाट आणि सरळ असतो. खड्डा ताजा की जुना, हे खुद्द वाळवीच सांगते. घर फुटले की ती लगेच ओल्या मातीने डागडुजी सुरू करते. डागडुजी ओली असेल तर पाहुणा नुकताच येऊन गेला; ती वाळून टणक झाली असेल तर आपल्याला उशीर झाला.

दुसरी खूण झाडावरचे ओरखडे. अस्वल मधासाठी आणि फळांसाठी झाडावर चढते. नाणा किंवा अर्जुन यांसारख्या गुळगुळीत सालीच्या झाडावर या चढण्याची नोंद वर्षानुवर्षे टिकते. चढताना नखे रुतल्याच्या खाचा, उतरताना घसरल्याच्या लांब रेघा. झाड जखम भरून काढते, रेघ फुगते आणि काळी पडते; म्हणून एकाच खोडावर यंदाच्या पांढऱ्या आणि गेल्या वर्षांच्या काळ्या रेघा शेजारीशेजारी दिसतात. इथला तोतया बिबट्या. तोही खोडावर नखे घासतो. पण त्याच्या रेघा बारीक आणि पुष्कळदा माणसाच्या उंचीच्या आतच दाटलेल्या. अस्वलाच्या रेघा थेट फांद्यांपर्यंत जातात. वर सातेरीच्या पोळ्याची ढोली फोडलेली दिसली तर संशयाला जागा कमी राहते. मात्र तिथे कोयत्याचे घाव किंवा खुंट्या ठोकल्याच्या खुणा आहेत का, हे पाहावे. मध काढणारा माणूसही त्याच झाडावर चढलेला असतो.

तिसरी खूण विष्ठा. सभेत हा शब्द काढल्याबद्दल क्षमा असावी. पण अस्वलाच्या जीवनाची सर्वांत प्रामाणिक बखर हीच आहे. मोठा ढीग, आणि त्यात त्या ऋतूचे पंचांग! उन्हाळ्यात करवंद-जांभळाच्या बिया. उंबराचा हंगाम असेल तेव्हा त्याची बारीक बी. विदर्भात मोहाच्या दिवसांत मोहाची फुले. थंडीत बोरांच्या आठळ्या. आणि फळे संपली की वाळवीची आणि मुंग्यांची डोकी, पचनातून सुटलेली. ढिगाचा थोडा भाग चाळणीत घेऊन पाण्याखाली धुतला की हे सर्व वेगळे होते. तोतये इथे दोन, कोल्हा आणि उदमांजर. दोघेही बोरे-जांभळे खातात. पण त्यांचा ऐवज लहान आणि बारीक असतो. आता तर अशा नमुन्यातील पेशींवरून तो कोणत्या प्राण्याचा, इतकेच नव्हे तर कोणत्या एका अस्वलाचा, हेही प्रयोगशाळेत ठरविता येते. झुडपात अडकलेला मुळासकटचा एक केससुद्धा या कामी उपयोगी पडतो.

चौथी खूण पाऊल. मागच्या पावलाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा दिसतो. काळोखात पाहणाऱ्याला लहान मूल चालत गेले की काय, असा भास व्हावा. पुढच्या पावलाची पाचही बोटे जवळजवळ एका ओळीत, एकमेकांना चिकटल्यासारखी, आणि त्यांच्या बरेच पुढे नखांची टोके. वाघ-बिबट्याच्या ठशात चारच बोटे असतात आणि नखे उमटत नाहीत, कारण ते नखे आत ओढून घेतात. परंतु धुळीत एकावर एक पाऊल पडले, की चाराची पाच बोटे होतात. उतारावर घसरले, की नखे नसलेल्या ठिकाणी रेघ दिसते. जांभ्या दगडाच्या सड्यावर तर काहीच उमटत नाही. म्हणून एकटा ठसा कधी मानू नये; दहा-वीस पावले मागे जावे, दहा-वीस पुढे जावे, आणि सबंध चाल वाचावी.

आणि यंत्रे? झाडाला बांधलेला, समोरून काही गेले की आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा हे फार मोठे साधन हाती आले आहे. तो थकत नाही, घाबरत नाही आणि कल्पनाही करीत नाही. पण तो जिथे बांधला तिथलेच पाहतो. आणि कुठे बांधावयाचा हे या चार खुणा वाचणाऱ्या माणसालाच ठरवावे लागते. शिवाय वाघाच्या अंगावर पट्टे असतात, त्यावरून हा तोच की दुसरा, हे सांगता येते. काळ्या अस्वलाचा छातीवरचा पट्टा मात्र तो समोरून दिसला तरच कामाचा.

इथवर खुणांचे झाले. आता मनाचे. शोधणाऱ्याचा सर्वांत मोठा तोतया त्याच्या मनातच बसलेला असतो. आठ दिवस डोंगर चढल्यावर काहीतरी सापडावे असे वाटते. मग डुकराचे उकरणे अस्वलाचे वाटू लागते. हा दोष एकट्यादुकट्याचाच नसतो. आपल्या देशात वाघांची गणना पूर्वी पावलांच्या ठशांवरून होत असे. राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री वाघ होते. २००५ साली उघड झाले की रानात एकही उरला नव्हता. चोरट्या शिकाऱ्यांनी ते संपविले, आणि कागदाला पत्ता नव्हता. त्यानंतर ठशांवरची गणना मागे पडली आणि २००६ पासून कॅमेऱ्याच्या व संख्याशास्त्राच्या आधाराने नवी पद्धत सुरू झाली. ठसा खोटा नव्हता; तो वाचणाऱ्यांना 'आहेत' असेच वाचण्याची सवय झाली होती.

अमेरिकेतले उदाहरण याहून बोलके आहे. वॉशिंग्टन राज्यात कॅनडाच्या सीमेला लागून नॉर्थ कॅस्केड्स नावाची पर्वतराजी आहे. तिथल्या ग्रिझली जातीच्या अस्वलाचे अमेरिकेच्या बाजूचे शेवटचे खात्रीचे दर्शन १९९६ सालचे. पुढे २०१० साली एका फिरस्त्याने काढलेल्या छायाचित्रातील अस्वल ग्रिझलीच, असा निर्वाळा प्रथम देण्यात आला. काही वर्षांनी फेरतपासणी झाली, तेव्हा ते साधे काळे अस्वल ठरले. म्हणजे छायाचित्र हाती असूनही घाई नडते. पुष्कळ वर्षे शोधूनही खात्रीचे काही सापडले नाही, तेव्हा २०२४ च्या एप्रिलमध्ये बाहेरून अस्वले आणून तिथे सोडण्याचा निर्णय तिथल्या सरकारी खात्यांनी जाहीर केला. 'नाही' हे उत्तर त्यांनी एका सहलीत दिलेले नाही, हे ध्यानात घ्यावे.

हे 'नाही' म्हणणे कसे अवघड आहे, ते साध्या हिशेबाने सांगतो. समजा, अस्वल असलेल्या एका रानात दिवसभराच्या एका फेरीत खूण सापडण्याचा संभव दहात तीन आहे. मग एक फेरी रिकामी गेली आणि आपण 'अस्वल नाही' असे लिहिले, तर खुणा निसटल्या असण्याचा संभव दहात सात उरतो. पाच फेऱ्या रिकाम्या गेल्या तर तो शंभरात सतरावर येतो, आणि दहा फेऱ्यांनंतर शंभरात तीनवर. तेव्हा 'आढळले नाही' हे वाक्य अपुरे आहे. कोणत्या महिन्यात, किती दिवस, किती माणसांनी, किती अंतर चालून आढळले नाही, हे लिहिले तरच त्याला किंमत. आम्ही वहीला चार रकाने आखतो: खात्रीचे, संभवनीय, ऐकीव, आणि शोधून न सापडलेले. यातला चौथा रकाना भरण्याचा सर्वांना कंटाळा असतो. आणि खरी विद्या त्यातच आहे.

आता कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? अस्वल असले काय, नसले काय!

याची उत्तरे दोन, आणि दोन्ही माणसांशी निगडित. पहाटे मोह वेचावयास गेलेल्या बाईवर अस्वल धावून येते. ते तिला खाण्यासाठी येत नाही. खाताना ते आपल्याच आवाजात गुंग असते, दृष्टी बेताची. माणूस अगदी जवळ आल्यावर त्याला कळते आणि ते भयाने उसळते. पाठीवर पिल्ले घेतलेली मादी असली तर विचारूच नका. जखमा बहुधा तोंडा-डोक्यावर होतात आणि माणूस जन्माचा विद्रूप होतो. वन्य प्राण्याच्या हल्ल्याबद्दल शासनाची भरपाई आहे, अस्वलाचा तीत समावेश आहे; पण ती मिळावयाची तर पंचनामा झाला पाहिजे आणि प्राणी कोणता हे ठरले पाहिजे. घटनास्थळी पाऊल, केस, नखांची खूण वाचणारा वनरक्षक भेटला तर त्या घराला आधार मिळतो. आणि कोणत्या रानात अस्वल आहे हे आधीच ठाऊक असेल, तर दोन-चारजणांनी मिळून जावे, बोलत जावे, उजाडल्यावर जावे, एवढ्या साध्या सांगण्यानेही पुष्कळ अनर्थ टळतात.

दुसरे उत्तर रानाच्या भवितव्याचे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. दक्षिणेला राधानगरी, १९५८ पासून गव्यांसाठी राखलेले. पुढे २०२० साली राखीव झालेले तिलारी, आणि मग गोव्यातील म्हादई व कर्नाटकातील भीमगड. नकाशावर ही माळ अखंड दिसते; पण मणी आणि मणी यांच्यामधला दोरा राखीव रानाबाहेरून जातो. तिथे खाजगी जंगले आहेत, घाटरस्ते आहेत, खाणी आहेत. अस्वलाला वंश टिकवावयाचा तर याच दोऱ्यावरून इकडून तिकडे जावे लागते. आणि नेमका इथेच रस्त्याचा किंवा खाणीचा अहवाल तयार होतो, तेव्हा त्यात 'या क्षेत्रात उल्लेखनीय वन्य प्राणी आढळले नाहीत' असे एक वाक्य पुरते. ज्या डोंगरावर कोणी नीट शोधलेच नाही, तो डोंगर कागदावर रिकामा होतो. आणि कागदावर जे रिकामे झाले, ते पुढे जमिनीवर रिकामे व्हावयास वेळ लागत नाही.

मग हे शोधावयाचे कोणी? तज्ज्ञ पाहिजेतच, पण वर्षभर त्या रानात राहतो तो गवळी धनगर, कोरकू, गोंड आणि पायी फिरणारा वनरक्षक. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याची चाकरी करता करता आयुष्यभर हेच केले. रानातल्या माणसांकडून पशुपक्ष्यांची, झाडांची नावे आणि सवयी टिपून त्यांचे कोश रचले. २०२५ साली ते गेले. शिकविणारे मात्र अजून डोंगरात आहेत. त्यांना विचारण्याचीही एक रीत आहे. 'इथे अस्वल आहे ना?' असे विचारले, तर पाहुण्याचे मन राखावे म्हणून 'आहे' असे उत्तर मिळते. 'यंदा जांभळे कोणी कोणी खाल्ली? पोळे कोणी फोडले?' असे विचारावे; मग गोष्टीतून खरे उत्तर आपोआप बाहेर येते.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी अस्वल पाहिले असेल ते दरवेशाच्या दोरीला. डमरू वाजे, अस्वल नाचे, आणि मुलांना दृष्ट लागू नये म्हणून आया त्याच्या केसांचा ताईत घेत. त्या प्राण्याला पिलूपणीच आईपासून तोडलेले असे, आणि दोरी ओवली जाई ती त्याच्या नाकातोंडाला भोक पाडून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलाला संरक्षण दिले. तरीही हा खेळ बंद होऊन दरवेशी कुटुंबांना दुसरा धंदा लागेपर्यंत २००९ साल उजाडले. म्हणजे गावोगाव अस्वल दिसत होते, तेव्हा त्याची दशा वाईट होती. आज ते दिसत नाही, आणि त्यातच त्याचे कल्याण आहे. आपण फक्त ते असल्याची खात्री करून घ्यावी आणि त्याला त्याच्या कपारीत राहू द्यावे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. जासईत हे का सांगावे?

बंधुभगिनींनो, हे दि. बा. पाटलांचे गाव. नव्या शहरासाठी १९७० नंतर या पट्ट्यातील पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १९८४ च्या जानेवारीत या परिसरातील पाच शेतकऱ्यांनी गोळ्या झेलून प्राण दिले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व उभे राहिले. कागदावर भूखंडाचा क्रमांक असतो. त्या जागेवर भात पिकत होते, मीठ पिकत होते, भरतीच्या पाण्यात जाळे टाकले जात होते, हे त्या क्रमांकात दिसत नाही, ही गोष्ट या गावाला कोणी शिकवावयास नको. म्हणून डोंगरातल्या रिकाम्या कागदाचे दुःख आपल्याला लवकर कळेल, असे वाटून आम्ही इथे आलो.

आणि एक काम आपल्या दाराशीही आहे. या खाडीच्या तिवरांत कोल्हा राहतो; नवी मुंबईत तो पुष्कळांनी पाहिला आहे. उरण तालुक्यातील पाणजेसारख्या पाणथळीत दूरदेशीचे पक्षी उतरत आले आहेत. ओहोटीच्या चिखलावर सकाळी कोल्ह्याची पावले असतात. बांधावरून जाणाऱ्याला ती दिसतात, पण वहीत कोणी लिहीत नाही. कुत्र्याचे पाऊल कोणते आणि कोल्ह्याचे कोणते, हे आपल्या शाळेतील मुलांना दोन रविवारांत शिकता येईल. कोल्ह्याचे अंमळ लांबट आणि चिंचोळे, चाल सरळ रेषेत. पण एका ठशावर भरवसा ठेवू नये, हा धडा इथेही लागू. तारीख, जागा, भरती की ओहोटी, काय दिसले, आणि काय शोधूनही दिसले नाही, एवढे एका वहीत लिहीत जावे. पाच वर्षांनी कोणी या जागेकडे बोट दाखवून 'इथे काहीच नव्हते' असे म्हणाला, तर ती वही त्याच्यापुढे ठेवता येईल. आणि वहीतच 'काही सापडले नाही' असे निघाले, तर तेही मान्य करावे लागेल. वही खरी ठरते ती त्यामुळेच.